सातचा तास: न्यूयॉर्कच्या बातम्यांच्या रेडिओवर साठ मिनिटं कशी बांधतात

चोवीस तास फक्त बातम्या देणाऱ्या रेडिओवर नवीन माणूस रुजू झाला की त्याच्या हातात सगळ्यात आधी एक वर्तुळ पडतं. त्याला सगळे 'क्लॉक', म्हणजे घड्याळ, म्हणतात. ठळक बातम्या कितव्या मिनिटाला, रहदारी कितव्या, हवामान, खेळ, शेअर बाजार आणि जाहिराती कुठे, हे सगळं त्यावर आखलेलं असतं. बातमी मागून येते आणि त्या आखणीत बसते. इथे लिहिलंय ते सकाळी सात ते आठ या तासाबद्दल. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत सगळ्यात जास्त लोक गाडीत असतात तो हाच तास.

ही पद्धत साठ वर्षं जुनी आहे. '१०१० विन्स' हे स्टेशन आधी रॉक अँड रोल वाजवायचं. वेस्टिंगहाउस कंपनीने १९ एप्रिल १९६५ला तिथली गाणी थांबवून बातम्या सुरू केल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात फिलाडेल्फियाचं केवायडब्ल्यू त्याच वाटेने गेलं आणि ऑगस्ट १९६७मध्ये न्यूयॉर्कचंच डब्ल्यूसीबीएस ८८०. बावीस मिनिटं आम्हाला द्या, आम्ही तुम्हाला जग देऊ, हे विन्सचं वाक्य शहरात लहान मुलांनाही पाठ असतं. जाहिरातीचं वाक्य म्हणून ते चांगलं आहेच, पण त्यात कामाचा हिशेबही आहे. साधारण वीस-बावीस मिनिटांत एक पूर्ण फेरी झाली पाहिजे, कारण ऐकणारा तेवढाच वेळ थांबतो. डब्ल्यूसीबीएस ८८० ऑगस्ट २०२४मध्ये बातम्या सोडून खेळांकडे गेलं, तेव्हा ही फेरी तिथे जवळपास सत्तावन्न वर्षं चालली होती.

आकाशवाणीचं बातमीपत्र ठरलेल्या वेळी सुरू होतं आणि ठरलेल्या वेळी संपतं. ऐकणारा त्या वेळेला रेडिओ लावतो. इथे उलटं असतं. कुणी सात वाजून चार मिनिटांनी गाडीत बसतो, कुणी सव्वासातला पार्किंगमध्ये शिरून रेडिओ बंद करतो. त्यामुळे 'मघाशी सांगितल्याप्रमाणे' हे शब्द आमच्याकडे वर्ज्य. प्रत्येक बातमीत जागा, माणूस आणि कारण पुन्हा सांगायचं. वेळ तर दर दोन-तीन मिनिटांनी सांगायची, कारण घाईत असलेल्या माणसाला तीच सर्वांत आधी हवी असते.

सातच्या तासाचं काम साडेचारला सुरू होतं. रात्रपाळीच्या लेखकाने ठेवलेली टिपणं आधी वाचायची, मग असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातम्या, पोलीस आणि अग्निशमन दलाच्या माहिती कक्षाचे निरोप, न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्या आणि बस चालवणारी एमटीए आणि शेजारच्या राज्याची न्यू जर्सी ट्रान्झिट यांच्या सूचना, राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज. त्यातून एडिटर रनडाउन, म्हणजे तासातल्या बातम्यांची क्रमवार यादी, लावतो. पहिली बातमी निवडताना आमची कसोटी एकच: पुढच्या दोन तासांत ऐकणाऱ्याच्या दिवसावर कशाचा परिणाम होणार आहे? वॉशिंग्टनमधलं रात्रीचं मतदान मोठं असेलही, पण पेन स्टेशनला जाणाऱ्या गाड्या थांबल्या असतील तर सातला पहिली बातमी गाड्यांचीच.

लिहिण्याचं माप ओळीत असतं. इंग्रजीत अँकर मिनिटाला साधारण १६० शब्द वाचतो. स्क्रिप्टच्या पानावर एका ओळीत दहा-अकरा शब्द बसतात, म्हणजे एक ओळ चार सेकंदांची आणि पंधरा ओळी एका मिनिटाच्या. तीस सेकंदांची बातमी म्हणजे साडेसात ओळी, ऐंशी शब्द. न्यूजबॉस किंवा बर्लीसारखं सॉफ्टवेअर हा हिशेब आपोआप करतं, पण त्यात प्रत्येक अँकरचा वाचनाचा वेग वेगळा भरावा लागतो. पाळी बदलली आणि वेग बदलायचा राहिला, तर सगळ्या बातम्या दोन-दोन सेकंदांनी चुकतात आणि तासाच्या शेवटी अर्धं मिनिट कमी पडतं. अशी चूक शोधायला सर्वांत वेळ लागतो, कारण कुठलीही एक बातमी चुकीची दिसत नाही.

एकच बातमी तासात तीनदा जाते. तीच स्क्रिप्ट मात्र तीनदा वाचायची नाही. समजा, लिंकन टनेलकडे येणाऱ्या रूट ४९५वर बस पेटली. सातला लिहायचं: 'रूट ४९५वर एक बस पेटली आहे आणि सकाळची बसमार्गिका बंद आहे.' सात-वीसला: 'पोर्ट अथॉरिटी टर्मिनलला जाणाऱ्यांना आज उशीर होणार, बसमार्गिका अजून बंद आहे, कारण आग लागलेली बस हलवायची बाकी आहे.' सात-चाळीसला: 'बसमार्गिका पुन्हा सुरू झाली, पण मागची रांग अजून विरलेली नाही.' घटना, मग तिचा परिणाम, मग आत्ताची स्थिती. नवीन लेखक बहुतेकदा शब्द बदलतात आणि पहिलं वाक्य तेच ठेवतात, त्यामुळे दुसऱ्यांदा ऐकणाऱ्याला बातमी शिळी वाटते. बदल पहिल्या वाक्यात व्हायला हवा.

बाकी नियम थोडे आहेत, पण पक्के. कुणी सांगितलं ते वाक्याच्या सुरुवातीला. अनोळखी नाव थेट टाकायचं नाही. आधी वय, गाव किंवा काम सांगून कानाला तयार करायचं आणि मग नाव. आकडा गोल करायचा: एकोणीस लाख सत्याऐंशी हजार डॉलर कुणाच्या लक्षात राहत नाही, जवळपास वीस लाख राहतात. अवघड नावाचा उच्चार स्क्रिप्टमध्येच तोडून लिहायचा, वेगळ्या टिपणात ठेवायचा नाही. लाइव्ह वाचताना अँकरला दुसरीकडे बघायला वेळ नसतो. भारतीय नावांसाठी न्यूजरूममधल्या भारतीय माणसाला विचारतात. त्यालाही खात्री नसेल तर त्याने तसं सरळ सांगावं आणि ज्याचं नाव आहे त्याच्या कार्यालयात फोन करून खात्री करून घ्यावी.

आता आवाजाच्या तुकड्यांविषयी. महापौरांच्या पत्रकार परिषदेतलं किंवा घटनास्थळच्या साक्षीदाराचं बोलणं कापून घेतलेला तुकडा म्हणजे 'कट'. लांबी आठ ते बारा सेकंद. बातमीदाराने स्वतःच्या आवाजात कट गुंफून दिलेला पूर्ण अहवाल म्हणजे 'रॅप', पस्तीस-चाळीस सेकंदांचा. कट नसलेला, नुसत्या बातमीदाराच्या आवाजातला म्हणजे 'व्हॉइसर'. प्रत्येक तुकड्यासोबत तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: लांबी, पहिले शब्द आणि शेवटचे शब्द. शेवटच्या शब्दांवरून अँकरला कळतं की आता आपण बोलायचं. बोलणाऱ्याने तेच शब्द मध्येही एकदा उच्चारले असतील तर समासात ठळक 'डबल आउट' लिहायचं. ते लिहिलं नाही तर अँकर मध्येच सुरू होतो आणि दोन आवाज एकमेकांवर चढतात.

कट घेताना श्वास अर्धा कापू नये. श्वासाच्या आधी किंवा पूर्ण श्वासानंतर कापलेला तुकडा सहज वाटतो. मधोमध कापलेला उचकी लागल्यासारखा ऐकू येतो. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे प्रतिध्वनी. अँकर म्हणतो, 'महापौर म्हणाले, शाळा उघड्या राहतील,' आणि लगेच महापौर म्हणतात, 'शाळा उघड्या राहतील.' कटमध्ये जे आहे ते कटची ओळख करून देणाऱ्या वाक्यात येऊ द्यायचं नाही. ओळखीत तथ्य, कटमध्ये माणसाचा सूर, त्याचं कारण, त्याचा राग. आणि प्रत्येक कटला मरणाची वेळ लिहायची. 'आज संध्याकाळी सुनावणी आहे' असं म्हणणारा कट सुनावणीनंतर सर्व्हरवर पडून राहिला, तर रात्रपाळीचा दमलेला माणूस तो एखाद्या दिवशी वाजवणारच.

रहदारीवर जरा थांबावं लागेल, कारण ऐकणारे तिच्यासाठीच येतात. कुठे ती मिनिटाच्या एकवर असते (७.०१, ७.११, ७.२१), कुठे आठवर. वॉशिंग्टनचं डब्ल्यूटीओपी आठवरच आहे. दहा मिनिटांत एकदा आणि ठरलेल्या मिनिटाला, एवढ्या एका वचनावर लोक स्टेशन लावतात. साठ सेकंदांत दहा-बारा नोंदी बसतात. क्रम भूगोलाचा: आधी हडसन नदीवरचे तीन मार्ग, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचा वरचा आणि खालचा मजला, लिंकन टनेल, हॉलंड टनेल, मग ईस्ट रिव्हरचे पूल, मग क्रॉस ब्रॉन्क्स, लाँग आयलंड एक्स्प्रेसवे, ब्रुकलिन-क्वीन्स, मग न्यू जर्सीचे टर्नपाइक आणि पार्कवे हे महामार्ग, शेवटी रेल्वे आणि भुयारी गाड्या. क्रम रोज तोच ठेवायचा. ऐकणारा आपला रस्ता कधी येणार हे ओळखतो आणि तेवढ्या पाच सेकंदांपुरता कान देतो. क्रम बदलला की त्याचा रस्ता निसटतो.

रहदारीचा निवेदक पूर्ण स्क्रिप्ट लिहीत नाही. नुसती यादी समोर ठेवून बोलतो. लिहिलेली स्क्रिप्ट वाचेपर्यंत सहा मिनिटं जुनी होते. माहिती येते ती वाहतूक खात्याच्या कॅमेऱ्यांतून, पूल-रस्ते-रेल्वे सांभाळणाऱ्या संस्थांच्या 'ट्रान्सकॉम' या सामायिक यंत्रणेतून, हेलिकॉप्टरमधून आणि अडकलेल्या चालकांच्या फोनवरून. अपघात 'हटवला' असं म्हणण्याआधी कॅमेऱ्यात बघायचं. यादीतून नोंद गायब झाली म्हणजे रस्ता मोकळा झाला, असं नसतं. कधीकधी नोंद ठेवणाऱ्याची पाळी संपलेली असते.

न्यू जर्सीतल्या एडिसन, मेट्रोपार्कहून रोज रेल्वेने मॅनहॅटनला जाणाऱ्या मराठी माणसांना पोर्टल ब्रिज हे नाव चांगलंच ओळखीचं आहे. हॅकेन्सॅक नदीवरचा हा १९१० सालचा फिरता पूल बोटीसाठी उघडला की कित्येकदा नीट बंद होत नसे आणि नॉर्थईस्ट कॉरिडॉर या रेल्वेमार्गावरची वाहतूक खोळंबायची. अशा वेळी 'उशीर होतो आहे' एवढं सांगून भागत नाही. तिकीट दुसऱ्या बसवर किंवा पाथ रेल्वेवर चालेल का, हे त्याच नोंदीत सांगावं लागतं. तो निर्णय न्यू जर्सी ट्रान्झिट जाहीर करते. तो येईपर्यंत अंदाजाने सांगायचा नाही. शेवटी एक खास न्यूयॉर्कची नोंद: रस्ता झाडण्यासाठी गाड्या एका बाजूने हलवायचा नियम आज लागू आहे की स्थगित. स्थगितीच्या सणांच्या यादीत दिवाळी आहे, त्यामुळे वर्षातून एकदा ही नोंद वाचताना आपल्या माणसाचा आवाज जरा खुलतोच.

जाहिराती लॉगवर, म्हणजे कुठली जाहिरात कधी वाजणार याच्या यादीवर, येतात आणि लॉग म्हणजे करार. ठरलेल्या जागी जाहिरात गेली नाही तर भरपाई म्हणून ती तितक्याच चांगल्या वेळेत पुन्हा द्यावी लागते. दोन मोटार विक्रेते लागोपाठ येऊ द्यायचे नाहीत. विमान अपघाताची बातमी आली की विमान कंपन्यांच्या जाहिराती ताबडतोब काढायच्या. हे काम कुणाचं, हे आधीच ठरलेलं असावं, नाहीतर एडिटरला वाटतं ऑपरेटरने काढल्या आणि ऑपरेटरला वाटतं एडिटरने. जाहिराती घड्याळात कुठे ठेवायच्या, यामागे श्रोते मोजणाऱ्या नील्सन कंपनीचं मोजमाप आहे. लोकांनी अंगावर बाळगलेलं छोटं मीटर स्टेशनच्या आवाजातला न ऐकू येणारा संकेत टिपतं. पूर्वी पाव तासात पाच मिनिटं ऐकलं तरच तो पाव तास मोजला जायचा. २०२५पासून तीन मिनिटं पुरतात. म्हणून पाव तासाच्या सुरुवातीला शक्यतो बातम्या, जाहिराती मध्ये. आम्हाला हे मोजमाप बातमीवर हुकूम गाजवताना आवडत नाही, पण पगार त्यातूनच येतात आणि घड्याळ लावणाऱ्याने ते समजून घेतलंच पाहिजे.

आता तासाचा शेवट. अनेक स्टेशनं तासाच्या ठोक्याला राष्ट्रीय नेटवर्कचं बातमीपत्र जोडतात. ते बरोबर ८.००.००ला सुरू होतं; कुणासाठी थांबत नाही. म्हणून उलटी वजाबाकी करायची. स्टेशनचं सांकेतिक नाव आणि परवान्याचं शहर सांगणं कायद्याने बंधनकारक, त्याला पाच सेकंद: ७.५९.५५. त्याआधी हवामान पंचवीस सेकंद: ७.५९.३०. त्याआधी रहदारी साठ सेकंद: ७.५८.३०. त्याआधी जाहिराती, एक साठची आणि एक तीसची: ७.५७.००. म्हणजे शेवटच्या बातमीचा शेवटचा शब्द सात-सत्तावन्नला संपला पाहिजे. ही वेळ एडिटर रनडाउनवर लाल रंगात लिहितो. वेळ उरली तर भरायला दहा, पंधरा आणि वीस सेकंदांच्या दोन-तीन बातम्या तयार ठेवायच्या, आणि त्या वेळेवर न अवलंबणाऱ्या हव्यात. वेळ कमी पडली तर वाक्यं घाईने वाचायची नाहीत. अख्खी बातमी काढायची. घाईने वाचलेल्या तीन बातम्यांपेक्षा नीट वाचलेल्या दोन ऐकणाऱ्याच्या कामाच्या.

मोठी बातमी फुटली की हे सगळं घड्याळ बाजूला जातं, पण क्रम तरीही असतो. पोलिसांच्या वायरलेसवर ऐकलेलं म्हणजे सुगावा. त्यावर फोन उचलायचा, माइक उघडायचा नाही. मृतांचा आकडा वायरलेसवरून कधीच घ्यायचा नाही. पोलीस, अग्निशमन दल किंवा घटनास्थळी उभा असलेला आपला बातमीदार, यांपैकी एकाकडून खात्री झाली की दहा सेकंदांचं पहिलं वाक्य: काय झालं, कुठे, आणि लोकांनी काय टाळावं. मग रहदारीच्या निवेदकाला लगेच आत घ्यायचं, कारण रस्ते कसे अडलेत ते त्याला सगळ्यांच्या आधी दिसतं. १५ जानेवारी २००९ला विमान हडसन नदीत उतरलं तेव्हा, हवेतून आणि काठावरून दिसणारी माहिती किती मोलाची असते हे सगळ्या शहराने पाहिलं. त्यानंतर दर तीन-चार मिनिटांनी 'आतापर्यंत कळलेलं' पुन्हा मांडायचं. त्यात काय कळलेलं नाही तेही स्पष्ट सांगायचं. ओलीस किंवा गोळीबाराची घटना सुरू असेल तर पोलीस कुठे दबा धरून आहेत ते बोलायचं नाही. आतल्या माणसाकडेही रेडिओ असू शकतो.

आपत्कालीन इशाऱ्याची यंत्रणा सांभाळणं हाही पाळीचा भाग आहे. दर आठवड्याला एक छोटी चाचणी, महिन्याला एक मोठी. इशाऱ्याआधी सांकेतिक खरखर तीनदा वाजते, मग ८५३ आणि ९६० हर्ट्झचा जोडस्वर किमान आठ सेकंद. हा स्वर खऱ्या इशाऱ्याशिवाय किंवा चाचणीशिवाय प्रसारित करायला सरकारी आयोगाची मनाई आहे आणि दंड जबर असतो. वादळाच्या बातमीत कुणाच्या फोनवर वाजलेला इशारा मागे ऐकू येत असेल, तर तो कट वापरायचा नाही किंवा तेवढा भाग कापायचा. आणि आधीची सांकेतिक खरखर चुकून हवेत गेली आणि इतर स्टेशनांच्या यंत्रांनी ती ओळखून पुढे ढकलली, तर खोटा इशारा शहरभर जाऊ शकतो.

गप्पांच्या कार्यक्रमात श्रोत्यांचे फोन घेतले जातात तिथे प्रसारण सात-आठ सेकंद मागे ठेवलेलं असतं. फोन घेणारा आधी नाव, भाग आणि एका वाक्यात मुद्दा विचारतो, आणि घरातला रेडिओ बंद करायला सांगतो. नाहीतर श्रोता स्वतःचंच मागे पडलेलं बोलणं ऐकून अडखळतो. शिवी आली तर डंप बटण दाबून ती हवेत जाण्याआधीच काढून टाकायची. त्यानंतर मागे ठेवलेली सेकंदं संपलेली असतात आणि यंत्र ती हळूहळू पुन्हा साठवतं. तेवढ्या वेळात दुसरा तापट फोन घ्यायचा नाही.

हे सगळं ऐकू जातं ते न्यू जर्सीच्या दलदलीतल्या मनोऱ्यांमुळे. १०१० विन्सचा पन्नास किलोवॉटचा ट्रान्समीटर लिंडहर्स्टला आहे. मध्यम लहरींना ओली, खारी जमीन मानवते. मनोऱ्याभोवती तांब्याच्या तारा जमिनीत पुरलेल्या असतात, साधारणपणे १२०, चाकाच्या आऱ्यांसारख्या. १४ ऑगस्ट २००३च्या दुपारी वीज गेली तेव्हा जनित्रावर चालणारी स्टेशनं आणि बॅटरीचे रेडिओ एवढंच शहराकडे उरलं होतं. आता विन्स ऑक्टोबर २०२२पासून ९२.३ एफएमवरही ऐकू येतं, आणि ते सोयीचं ठरतं, कारण विजेच्या मोटारींतल्या यंत्रांची खरखर मध्यम लहरींवर चढते आणि काही कंपन्यांनी नव्या गाड्यांतून तो पट्टाच काढला आहे.

मुंबई-पुण्यात खासगी एफएमवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावता येतात. रहदारी, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेच्या सूचना मात्र चालतात. सप्टेंबर २०२३मध्ये ट्रायने तासाला दहा मिनिटं बातम्यांना परवानगी द्यावी अशी शिफारस केली. आमचं ठाम मत आहे की ती दहा मिनिटं एकगठ्ठा वापरू नयेत. दोन-दोन मिनिटांचे पाच तुकडे करावेत, प्रत्येकाच्या सुरुवातीला पश्चिम, मध्य आणि हार्बर याच क्रमाने लोकलची स्थिती, आणि तो क्रम बारा महिने बदलू नये.

नऊच्या सुमारास पाळी बदलते. पुढच्या एडिटरसाठी टिपण सोडायचं, त्यात पाच-सहा ओळी पुरतात: कुठले कट नऊनंतर मारायचे, कुणाच्या फोनची वाट आहे आणि कशाबद्दल, कुठली बातमी एकाच सूत्रावर उभी आहे म्हणून वर घेऊ नये, दुपारच्या कोणत्या पत्रकार परिषदेला कोण निघालंय, कुठली जाहिरात राहिली आणि कुठली काढून ठेवलीय. नवीन अँकर बसला असेल तर त्याचा वाचनाचा वेग सॉफ्टवेअरमध्ये भरलाय की नाही, हे शेवटच्या ओळीत.